दुसरं डोकं, दुप्पट ताप

ऑफिसातला सर्व्हर स्लो झाला की पहिल्या दिवशी सगळे एंटर दोनदा दाबून बघतात. दुसऱ्या दिवशी नेटवाल्याच्या नावाने शंख. तिसऱ्या दिवशी सर केबिनमधून बाहेर येतात आणि ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं जरा कळतं’ अशी ख्याती आहे, त्या पोराकडे किंवा पोरीकडे बघतात. हे पद ऑफर लेटरमध्ये नसतं, त्याचा वेगळा पगार नसतो, पण जबाबदारी असते सॉल्लिड. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या ऑफिसात या गादीवर बसलेले असणार, अशी आम्हाला दाट शंका आहे.

नाशिकच्या इंदिरानगरात अशी ऑफिसं भरपूर. रथचक्र चौकातून वडाळा-पाथर्डी रोडकडे चालत निघालात तर वर मान करून पाट्या वाचत जा. सीए, टॅक्स कन्सल्टंट, अंबड-सातपूरच्या कारखान्यांची ड्रॉइंग्ज करून देणारे, आर्किटेक्ट, चार-सहा पोरांची सॉफ्टवेअर कंपनी. राहायच्या बिल्डिंगमध्ये एखादा फ्लॅट, हॉलमध्ये टेबलं, बेडरूममध्ये सरांची केबिन आणि किचनच्या ओट्याशेजारी, चहाच्या कपांच्या सोबतीला, घुंई घुंई करणारा सर्व्हर. सगळ्या क्लायंटची पोटं त्याच्यात. जीएसटीची २० तारीख जवळ आली की वीस जण एकदम त्याच्यावर तुटून पडतात आणि तो बिचारा धापा टाकायला लागतो.

मग कोणीतरी झाकण उघडतं आणि किंचाळतं, “सर, यात दुसऱ्या प्रोसेसरची जागा रिकामीच आहे!”

“म्हणजे दुसरा टाकला की स्पीड डबल?”

थांबा. ‘हो सर’ म्हणू नका. नवा सर्व्हर घ्यायचा तर लाखांची बात, आणि जुन्या मशीनमध्ये वापरलेला दुसरा प्रोसेसर टाकायचा तर कधी कधी काही हजारांत काम होतं. मोह होणारच. पण तुमच्या त्या एका ‘हो’वर ऑफिसचे पैसे, रविवारची सुट्टी आणि सोमवारची इज्जत, तिन्ही पणाला लागलेलं असतं. तेव्हा आधी फंडा क्लिअर करून घेऊ.

आधी बोगदा शोधा

हायवेखालच्या इंदिरानगरच्या बोगद्यापाशी ज्याने कधी संध्याकाळचा अर्धा तास काढला आहे, त्याला हे पटकन कळेल. घरासमोरचा रस्ता चार पदरी केला तरी बोगदा तेवढाच असेल तर तुम्ही पोचणार तेव्हाच पोचणार. सर्व्हरचंही तसंच. तो अडतोय कुठे, हे न बघता प्रोसेसर वाढवणं म्हणजे घरासमोर डांबर ओतणं.

बघायचं कसं? अगदी सोपं. गर्दीच्या वेळी, म्हणजे दुपारी चारला वगैरे, सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सची पाटी लावून ठेवा. एकदा बघून निष्कर्ष काढू नका, आठवडाभर रोज बघा. प्रोसेसरचा आलेख सतत नव्वदीच्या वर असेल तर त्याच्यावर खरंच लोड आहे. पण प्रोसेसर आरामात २० टक्क्यांवर आणि डिस्क मात्र शंभरावर चिकटली असेल, तर गुन्हेगार दुसराच आहे. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शे-दोनशे वेगवेगळ्या ठिकाणचं वाचू शकते, एसएसडी त्याच वेळात हजारो. अशा वेळी एसएसडी टाका आणि प्रोसेसरचा विषयच सोडा. मेमरी भरलेली असेल तर मेमरी वाढवा. दोन्ही कामं स्वस्त, आणि त्यात जोखीमही कमी.

एक लोचा मात्र लक्षात ठेवा. समजा सर्व्हरमध्ये १६ कोअर आहेत आणि तुमचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं, एकाच कोअरवर चालणारं. तो एक कोअर जीव तोडून धावत असतो, बाकीचे पंधरा चकाट्या पिटत असतात, आणि एकत्रित आलेख दाखवतो जेमतेम सहा टक्के. बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर रिकामा आहे. म्हणून आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख बघायचा. असा एकटा राबणारा कोअर दिसला, तर दुसरा प्रोसेसर लावून तुम्ही चकाट्या पिटणाऱ्यांची संख्या फक्त वाढवाल.

डबल म्हणजे डबल नव्हे

बरं, लोड खरंच प्रोसेसरवर आहे असं ठरलं. आता तरी स्पीड डबल? नाही. नाशिककरांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर रविवारच्या मिसळीच्या गर्दीकडे बघा. तर्रीचं पातेलं दुसरं चढवलं, वाढपी दुप्पट केले, पण कूपन देणारा काउंटर एकच. रांग थोडी पुढे सरकते, अर्धी होत नाही.

हे गणित जीन अॅमडाल नावाच्या अमेरिकन कॉम्प्युटर इंजिनिअरने १९६७ मध्ये मांडलं होतं. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो तुमच्या एकूण वेगाला लगाम घालतो. कामातलं ९० टक्के वाटून घेता येत असेल तर दोन प्रोसेसरवर वेग जातो १.८ पटीच्या आसपास. ६० टक्केच वाटून घेता येत असेल तर फक्त १.४ पट. म्हणजे पैसे दोनाचे, काम दीडाचंही नाही.

फायदा सगळ्यात जास्त कुठे होतो? जिथे एकमेकांशी संबंध नसलेली बरीच कामं एकाच वेळी चालतात तिथे. वीस जण रिमोट डेस्कटॉपवर बसलेत, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालू आहेत, एकीकडे डेटाबेस आणि दुसरीकडे बॅकअप. अशा ठिकाणी दुसरा प्रोसेसर म्हणजे दुसरा काउंटर. एकट्या माणसाचा एक रिपोर्ट कदाचित तेवढाच वेळ घेईल, पण वीस जण एकदम आल्यावर कोणी अडकून पडणार नाही. सरांना सांगायचं ते हे. “स्पीड डबल नाही सर, गर्दी पेलेल.”

आणि हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवला, तो याच विचारावर. एक अतिबलाढ्य प्रोसेसर घडवण्यापेक्षा पुष्कळ साध्या प्रोसेसरना एकत्र जुंपायचं. २००७ मध्ये पुण्यातल्याच टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा सुपरकॉम्प्युटर जगाच्या टॉप ५०० यादीत थेट चौथा आला. त्यात १४,२४० कोअर होते. पण आत डोकावलं तर होतं काय? दोन-दोन प्रोसेसरवाले, तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरच्याच जातीचे ब्लेड सर्व्हर, शेकड्यांनी ओळीत लावलेले. प्रत्येक प्रोसेसरच्या डोक्यावर एकेक हीटसिंक. किचनच्या ओट्याशेजारचं तुमचं मशीन त्याच घराण्यातलं आहे, हे आता मान वर करून सांगा.

पत्रिका जुळवा, छत्तीस गुण

आता खरेदी. इथे प्रेमविवाह चालत नाही, पत्रिका बघावीच लागते.

पहिला गुण, सर्व्हरमध्ये आहे तोच मॉडेल नंबर. ‘जवळपास तसाच’ नको. कोअर तेवढेच, वेग तोच, पिढी तीच. जमलं तर स्टेपिंग, म्हणजे त्या चिपची आवृत्तीही तीच घ्या. एक १२ कोअरचा आणि एक १४ कोअरचा असा आंतरजातीय संसार सर्व्हरला चालत नाही, तो बूट व्हायलाच नकार देईल.

दुसरा गुण, तो प्रोसेसर मुळात जोडीने नांदणारा आहे का? काही प्रोसेसर आजन्म ब्रह्मचारी असतात. इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेत हे नंबरातच लिहिलेलं असतं. ई५-२६५० मधला सुरुवातीचा २ म्हणजे दोघं एकत्र चालतील, ई५-१६५० मधला १ म्हणजे एकटाच. एएमडीच्या एपिक प्रोसेसरच्या नंबरामागे ‘पी’ असेल तर तोही एकटा. बोर्डावर दोन सॉकेट आहेत, पण बसवलेला प्रोसेसर एकट्याने राहणारा, असं असेल तर दोन्ही नवे घ्यावे लागतील. हिशेब तिथेच बदलला.

तिसरा गुण, सर्व्हरचा बायोस. तो जुना असेल तर नवा आलेला पाहुणा त्याला ओळखूच येत नाही. बायोस आधी अपडेट करायचा, मग प्रोसेसर. उलटं नाही.

चौथा गुण मेमरीचा, आणि इथे भलेभले फसतात. पूर्वी सगळी मेमरी बोर्डावरच्या एका मध्यस्थाकडे असायची. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉनपासून आणि इंटेलने सर्व्हरमध्ये २००९ च्या झिऑन ५५०० पासून हा कारभार प्रोसेसरच्याच पोटात घातला. म्हणजे आता प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला त्याचे स्वतःचे मेमरी स्लॉट येतात. दुसरा प्रोसेसर नाही तोवर त्याच्या बाजूचे स्लॉट मेलेले. आणि दुसरा बसवला, पण त्याच्या स्लॉटमध्ये मेमरीच घातली नाही, तर तो प्रत्येक गोष्टीसाठी पहिल्याच्या दारात जाणार. दोघांच्या मधला रस्ता म्हणजे पुन्हा तो बोगदाच. तेव्हा प्रोसेसरच्या बजेटमध्ये मेमरीही धरा आणि दोन्हीकडे सारखीच लावा. अनेक सर्व्हरमध्ये काही एक्स्पान्शन स्लॉटसुद्धा दुसऱ्या प्रोसेसरशी बांधलेले असतात. ‘हे कार्ड इथे चालतच नाही’ या जुन्या तक्रारीचं उत्तर कधी कधी इथे सापडतं.

माल कुठे मिळेल? मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या डीलरला फोन करा आणि तिथलाच घ्या, कारण बाहेरचा पार्ट लावून वॉरंटीशी पंगा घेण्यात शहाणपण नाही. मशीन जुनं असेल तर ते प्रोसेसर आता बनत नाहीत, वापरलेलेच मिळतात. सकाळच्या पंचवटीने मुंबईला जाऊन ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून संध्याकाळी परत येणारी मंडळी नाशकात आजही आहेत. बिल आणि टेस्टिंगची हमी मागायला लाजू नका.

तांब्याचा बंब आणि हीटसिंक

आता या गोष्टीचा खरा नायक. प्रोसेसरच्या नादात लोक ज्याला विसरतात, तो हीटसिंक.

दुकानात प्रोसेसर घेतला आणि बाहेर पडलात, तर तुम्ही अर्धीच खरेदी केलीत. सर्व्हरच्या दुसऱ्या सॉकेटवर हीटसिंक नसतो. तिथे असतो प्लॅस्टिकचा डमी ठोकळा, वारा इकडेतिकडे पळू नये म्हणून बसवलेला. हीटसिंक वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही त्याच सर्व्हर मॉडेलचा. काही सर्व्हरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या प्रोसेसरचे हीटसिंकसुद्धा वेगवेगळे असतात. काहींमध्ये दुसऱ्यासाठी जादा पंखेही लागतात. ऑर्डर देण्यापूर्वी मॅन्युअलमधला पार्ट नंबर बघणं मस्ट.

एवढं कौतुक कशाला? साधा हिशेब करू. झिऑन ई५-२६५० व्ही४ या १२ कोअरच्या प्रोसेसरची उष्णता धरतात १०५ वॉट. म्हणजे जुना शंभराचा बल्ब तुम्ही खोक्यात कोंडलात, फक्त त्याची सगळी गरमी काही चौरस सेंटीमीटरच्या चिपमधून बाहेर यायची आहे. तळव्याच्या दर चौरस सेंटीमीटरला इस्त्री जेवढी तापते, त्याच्या कित्येक पट. ३८६ च्या जमान्यात प्रोसेसर उघड्या डोक्याने फिरायचे. आजचे मोठे सर्व्हर प्रोसेसर ५०० वॉटपर्यंत गेलेत. उघड्या डोक्याने फिरण्याचे दिवस कधीच संपले.

ही गरमी काढायची कशी, याचं उत्तर नाशिकच्या भांडी बाजारात पूर्वीपासून टांगलेलं आहे. आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, आणि मध्ये तांब्याचा पातळ पत्रा. निखाऱ्याची गरमी तांबं अशी चटकन पाण्याला देतं की दहा मिनिटांत आंघोळीचं काम होतं. हीटसिंक हा बंबाचाच नातू. खाली तांब्याचा जाड तळ, तो प्रोसेसरची गरमी ओढून घेतो. वर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची रांग, ती गरमी वाऱ्याला देते. सगळाच तांब्याचा का नाही? कारण तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आणि महाग. बोर्डावर किती ओझं टाकायचं यालाही मर्यादा आहे. पुष्कळ हीटसिंकमध्ये तळापासून पात्यांपर्यंत बंद नळ्या असतात. त्यातला थेंबभर द्रव खाली तापून वाफ होतो, वर जाऊन गार होतो, पुन्हा खाली येतो. ना मोटर, ना आवाज.

आणि ती पांढरट-करडी पेस्ट? तिचं काम लोकांना उलटं समजतं. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसले तरी त्यात बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत हवा असते. तांबं हवेपेक्षा साधारण १५ हजार पट चांगलं उष्णता वाहून नेतं, म्हणजे ती हवा म्हणजे चक्क गोधडीच. पेस्ट त्या खाचा भरते, हवा हाकलते. पण पेस्ट तांब्याइतकी चांगली वाहक नाही, तांब्याच्या मानाने ती खूपच मागे. म्हणून ती पुरीवर श्रीखंड लावतात तशी थापायची नसते. नव्या हीटसिंकवर कंपनीने बहुधा आधीच लावून दिलेली असते. तिला बोट लावू नका, वर आणखी लावू नका. जुना हीटसिंक परत बसवत असाल तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसून नवी लावायची, सर्व्हरच्या मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तेवढीच.

रविवारचं ऑपरेशन

हे काम रविवारी सकाळी करा. शनिवारी रात्री दमलेले असताना नाही. जवळ एक माणूस ठेवा, टॉर्च धरायला आणि ‘घाई करू नकोस’ म्हणायला.

सुरुवात बॅकअपने. नुसता घेऊ नका, त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नसणं.

सर्व्हर नीट शट डाउन करा आणि पॉवरच्या वायरी काढा. वायर नव्हे, वायरी. बहुतेक सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतात. एक काढून खूश होणारे पुष्कळ. वायरी काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. पाच-दहा मिनिटं आतला पहिला हीटसिंक गार होऊ द्या.

हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी आणि अंगात स्वेटर, म्हणजे दाराच्या हँडलला हात लावला की चटका. तो चटका तुम्हाला जाणवतो तेव्हा तो सुमारे ३,००० व्होल्टचा असतो. चिपचं वाटोळं त्याहून खूप कमी व्होल्टवर होतं आणि तुम्हाला काही जाणवतही नाही.

डमी ठोकळा आणि सॉकेटवरची प्लॅस्टिकची टोपी काढा, पण फेकू नका. बोर्ड कधी वॉरंटीत परत पाठवायचा झाला तर टोपी लागते. टोपी निघाली की खाली सॉकेटच्या पिना दिसतील. झिऑन ई५ च्या सॉकेटमध्ये २,०११, २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या झिऑन स्केलेबलमध्ये ३,६४७. केसासारख्या बारीक आणि सगळ्या एका अंगाला झुकलेल्या. या संपूर्ण नाटकातली सगळ्यात नाजूक जागा हीच. इथे बोट, स्क्रू, पेस्टचा थेंब, काहीही पडता कामा नये. पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाला आहेत. म्हणजे वाकल्या तर प्रोसेसर नाही, अख्खा बोर्ड जातो. काही हजारांची बचत तिथेच लाखाच्या खड्ड्यात.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवायचे, प्रोसेसर कडांना धरून सरळ खाली ठेवायचा. सरकवायचा नाही, दाबायचा नाही. बरोबर असेल तर तो आपोआप बसतो. त्यासाठी जोर लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. स्केलेबल झिऑनमध्ये पद्धत थोडी वेगळी. आधी प्रोसेसर हीटसिंकला क्लिपने अडकवायचा आणि मग ती जोडी एकत्र सॉकेटवर उतरवायची.

हीटसिंकच्या पात्यांची दिशा बघा. वारा पुढून मागे जातो, पाती त्याच्या वाटेत आडवी यायला नकोत. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, थोडे थोडे, आलटून पालटून. कारचं चाक बदललं असेल तर नट कसे आवळतात ते आठवा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात तर हीटसिंक तिरका बसतो आणि एका बाजूला हवेची गोधडी तशीच राहते. बऱ्याच हीटसिंकवर क्रमाचे आकडे छापलेले असतात, ते शोभेसाठी नसतात.

मग मेमरी, लागत असतील तर पंखे, आणि वाऱ्याला वाट दाखवणारं प्लॅस्टिकचं आवरण. झाकण लावूनच सुरू करा. ‘उघडं ठेवलं तर जास्त गार राहील’ हा समज घरच्या पंख्याला ठीक. सर्व्हरमध्ये झाकण नसेल तर वारा हीटसिंकमधून जायचं सोडून वरच्यावर निघून जातो.

सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. घाबरू नका, तो नवी मेमरी तपासत असतो. बायोसमध्ये दोन प्रोसेसर आणि पूर्ण मेमरी दिसते का बघा, एरर लॉग वाचा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सॉकेट्स’ समोर २ आला पाहिजे. मग मुद्दाम तासभर भरपूर काम देऊन दोन्ही प्रोसेसरचं तापमान बघा. दोघांत खूप फरक दिसला तर हीटसिंक नीट बसलेला नाही, पुन्हा उघडा. प्रोसेसर फार तापला की जळत नाही, तो स्वतःच हळू चालायला लागतो. म्हणूनच हा घोळ महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. दोन प्रोसेसर, आणि सर्व्हर पहिल्याइतकाच स्लो!

बिल इथेच संपत नाही

दोन खर्च दुकानदार सांगत नाही.

एक, लायसन्स. विंडोज सर्व्हर २०१२ स्टँडर्डचं एक लायसन्स दोन प्रोसेसरना पुरायचं. २०१६ च्या आवृत्तीपासून मोजणी कोअरवर आली. बेसिक लायसन्स १६ कोअरचं. १२ कोअरचा एक प्रोसेसर त्यात बसतो, पण दुसरा आला की झाले २४, म्हणजे आठ कोअरचे पैसे वेगळे. एसक्यूएल सर्व्हर कोअरच्या हिशेबाने घेतलेला असेल तर तो आकडा बघून सर खुर्चीत बसतील. प्रोसेसरपेक्षा लायसन्स महाग, असा झोल इथे सहज होतो. ‘कोण बघतंय’ हे उत्तर दुसऱ्यांचे ऑडिट करणाऱ्या ऑफिसला तरी शोभत नाही.

दोन, वीज आणि गारवा. जादा १०० वॉट पूर्ण लोडवर २४ तास चालले तर महिन्याला ७२ युनिट. ती उष्णता खोलीत येते, म्हणजे एसीचं काम वाढलं. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या मध्ये असावी, असा जगभरचा संकेत आहे. दिवसा ते जमतं. पण संध्याकाळी सात वाजता शेवटचा माणूस लाइट, पंखे, एसी बंद करून कुलूप लावतो आणि सर्व्हर चालूच राहतो. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद फ्लॅटमधली ती किचनशेजारची जागा म्हणजे भट्टी. दुसरा प्रोसेसर बसवण्याआधी त्या जागेची खिडकी, एक्झॉस्ट, ओट्यावरची ती चहाची शेगडी, यांचा विचार करा. यूपीएस किती वॉटचा आहे आणि आता किती वेळ टिकेल, हेही मोजा.

ढग सातपूरला आहे

इथवर वाचून कोणी म्हणेल, कशाला हा उपद्व्याप, क्लाउडवर जा ना! मुद्दा चुकीचा नाही. तिथे स्क्रीनवरचा आकडा बदलला की प्रोसेसर वाढतो. महिनाअखेरीला वाढवा, एक तारखेला कमी करा. वर्षातून मोजके दिवसच गर्दी असेल तर हे गणित नक्की मांडून बघा. रोजच गर्दी असेल तर दरमहाचं भाडं आणि एकदाचा खर्च यांची तीन वर्षांची बेरीज करा, उत्तर कागदावर दिसेल.

फक्त क्लाउड आभाळात असतो असं समजू नका. २००५ मध्ये सुरू झालेल्या ईएसडीएस कंपनीचं डेटा सेंटर आपल्याच सातपूरच्या एमआयडीसीत आहे, आणि गरजेप्रमाणे मशीनची ताकद आपोआप कमी-जास्त करणाऱ्या क्लाउडसाठी ती कंपनी ओळखली जाते. तुम्ही इंदिरानगरात बसून माऊसने आकडा वाढवता, तेव्हा कुठल्या तरी रॅकमध्ये खरा प्रोसेसर तापतो, खरा हीटसिंक ती गरमी वाऱ्याला देतो, आणि तो कोणीतरी हाताने, कोपरे आलटून पालटून, स्क्रू आवळून बसवलेला असतो. ताप टळत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या खोलीत जातो आणि भाड्यात मोजला जातो.

घरचाच सर्व्हर वाढवायचं ठरलं, तर शेवटचं एक छोटं काम. कागदाच्या पट्टीवर तारीख, प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, हीटसिंकचा पार्ट नंबर आणि बायोसची आवृत्ती लिहा. ती पट्टी सर्व्हरच्या बाहेर, बाजूला चिकटवा. दोन वर्षांनी तुम्ही तिथे नसाल, कदाचित पुण्याला किंवा बंगलोरला असाल. ‘कॉम्प्युटरमधलं जरा कळतं’ अशा कोणा नव्या पोरीच्या हातात तेव्हा स्क्रू ड्रायव्हर असेल, आणि ती पट्टी वाचून मनातल्या मनात तुम्हाला थँक्यू म्हणेल.